अमेरिकेचा दाखला अर्धाच वाचला जातो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सरकारी कामकाजाच्या भाषेवरून ठाणे-नवी मुंबईत जी चर्चा चालू असते, तीत अमेरिकेचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले जाते. एक बाजू म्हणते, तिकडे इंग्रजी अधिकृत झाली, स्पॅनिश बंद झाली. आपणही तेच करू. दुसरी म्हणते, तिकडे सरकार स्पॅनिशमध्ये मतपत्रिका छापते, मग मुंब्र्यात उर्दू, उल्हासनगरात सिंधी आणि वाशी-नेरुळमध्ये तमिळ-मल्याळम का नको? दाखला दोघांनीही मधूनच तोडला आहे. आम्ही या दोन शहरांत कागदपत्रांची भाषांतरे करणारी आणि न्यायालये, रुग्णालये, कार्यालये येथे दुभाषाचे काम करणारी मंडळी. अस्मितेवर बोलायला आमच्यापेक्षा अधिकारी माणसे आहेत. खिडकीच्या दोन बाजूंना काय घडते ते मात्र आम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

आधी अमेरिकेचे पाहू. राष्ट्राध्यक्षांच्या १ मार्च २०२५ च्या कार्यकारी आदेश क्रमांक १४२२४ ने इंग्रजीला तेथील अधिकृत भाषा ठरवले. तोवर केंद्राच्या पातळीवर अधिकृत भाषाच नव्हती. तीसहून अधिक राज्यांनी मात्र आपापल्यापुरती इंग्रजी तशी ठरवली होती (कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये, सार्वमताने). याच आदेशाने ऑगस्ट २००० चा आदेश क्रमांक १३१६६ रद्द केला. ज्यांना इंग्रजी नीट येत नाही त्यांना सेवा कशी मिळेल याची योजना प्रत्येक खात्याने करावी, असे तो जुना आदेश सांगत होता. इथवर पहिल्या बाजूचे बरोबर. पण नव्या आदेशातच पुढे स्पष्ट म्हटले आहे की, कोणत्याही खात्याने चालू सेवा बदलाव्यात असे हा आदेश सांगत नाही. इतर भाषांतले कागद आणि सेवा ठेवायच्या की नाहीत ते खातेप्रमुखाने ठरवावे. म्हणजे सक्ती गेली, बंदी आली नाही. कोणी खातेप्रमुख सेवा आवरती घेईल, कोणी ठेवील. नागरिकाच्या हाती मात्र काही उरले नाही.

मतपत्रिकेचे तसे नाही. ती १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात १९७५ साली घातलेल्या कलम २०३ वर उभी आहे. एखाद्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) एका भाषागटाचे, इंग्रजी पुरेशी न येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक १०,००० हून अधिक किंवा मतदानाच्या वयाच्या एकूण नागरिकांच्या ५ टक्क्यांहून अधिक असतील, आणि त्या गटातले निरक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून जास्त असेल, तर मतपत्रिका, सूचना, नोंदणीचे अर्ज, मतदान केंद्रावरची मदत हे सगळे त्या भाषेतही द्यावे लागते. कोणत्या जागा या कसोटीत बसतात ते जनगणना खाते दर पाच वर्षांनी जाहीर करते. डिसेंबर २०२१ च्या यादीत ३३१ ठिकाणे होती. राष्ट्राध्यक्षांच्या सहीने हे कलम हलत नाही.

दोहोंतला फरक कोठून येतो, तर एक सोय आदेशाने दिली होती आणि दुसरी कायद्याने. अलाबामा राज्याने वाहन परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीत ठेवली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: नियमाचा परिणाम एका गटावर जास्त होतो एवढ्या कारणावरून १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली व्यक्तीला स्वतः दावा लावता येणार नाही. तेव्हापासून ही बाजू बरीचशी खात्यांच्या मर्जीवर राहिली, आणि मर्जी बदलली तशी ती सक्तीही गेली. आपल्याकडे हेच शासन निर्णयांचे होते. शाळेत पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा (हिंदीचा) शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, १७ जूनला बदलला, २९ जूनला मागे घेतला गेला. आमच्या मते तो मागे घेतला हे ठीकच झाले. पण मराठीच्या बाजूचे शासन निर्णयही त्याच कागदावर आणि त्याच शाईने निघतात, हे विसरून चालणार नाही. टिकाऊ आहेत ते अधिनियम: राज्यकारभारासाठी १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आणि महापालिकांसाठी २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांचा राजभाषा अधिनियम.

आणखी एक गोष्ट या तुलनेत निसटते. स्पॅनिश ही तिकडे केवळ काल आलेल्यांची भाषा नाही. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या पहिल्या संविधानात कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत छापण्याची अट होती. १८७९ च्या संविधानाने ती काढली. न्यू मेक्सिको १९१२ मध्ये राज्य झाले तेव्हा पहिली वीस वर्षे कायदे दोन्ही भाषांत छापायचे ठरले होते. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्वेर्तो रिकोत आजही दोन्ही भाषा अधिकृत आहेत. म्हणून ‘मुंबईतली हिंदी म्हणजे तिकडची स्पॅनिश’ हे समीकरण ढोबळ आहे. ‘मराठी म्हणजे तिकडची इंग्रजी’ हे तर त्याहून चुकीचे. तिकडची इंग्रजी कायद्याचीही भाषा आहे आणि पैशाचीही. इकडे कायदा मराठीला पुढे करतो, पण विम्याच्या अटी, कर्जाचा करारनामा, केंद्रीय कार्यालयांची संकेतस्थळे, मोबाइलवरचे अर्ज आणि उच्च न्यायालय येथे मराठी माणूस स्पॅनिशवाल्याच्या जागी उभा असतो. बँकेत आपण स्पॅनिशवाले आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात इंग्रजीवाले, अशी आपली दुहेरी अवस्था आहे. बँकेत जो युक्तिवाद आपण करतो, तो प्रभाग समितीत दुसऱ्याने केला तर निदान ऐकून घ्यायला हवा. आपण बँकेत कमी पडतो, तोही युक्तिवाद चुकीचा म्हणून नव्हे, तर नेमकी मागणी कशाची करायची ते ठरलेले नसते म्हणून.

उदाहरणार्थ, ग्राहकांना लागणारे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्हींत ठेवावे, ही रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहेच. पैसे भरण्याची चिठ्ठी बहुधा तिन्ही भाषांत मिळतेही. पण खाते उघडण्याच्या अर्जामागच्या बारीक अक्षरांतल्या अटी, हप्ता थकल्यावरची नोटीस, तक्रार फेटाळल्याचे पत्र हे सारे फक्त इंग्रजीत असते. दर्शनी भाग मराठी आणि पोटातला मजकूर इंग्रजी. मोबाइलवरच्या अर्जांत तर हे डोळ्यांना दिसते: वरची बटणे मराठी, आत तक्रारीचा प्रकार निवडायची यादी इंग्रजी, आणि चूक झाली की येणारा लाल अक्षरांतला संदेशही इंग्रजी. कारण साधे आहे. बटणांचा मजकूर भाषांतराला वेगळा काढून दिलेला असतो. याद्या आणि चुकांचे संदेश संगणक प्रणालीच्या पोटात लिहिलेले असतात आणि ते कोणी बाहेर काढत नाही. तेव्हा ‘मराठीत अर्ज द्या’ एवढी मागणी अपुरी आहे. याद्या, चुकांचे संदेश, पोचपावती आणि नकाराचे पत्र ही चार नावे घेऊन मागणी करावी.

कोणता कागद आधी भाषांतरित करायचा, याची तिकडची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. अमेरिकी न्याय खात्याच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनेत चार गोष्टी तोलायला सांगितल्या होत्या: अशी माणसे किती, ती कितीदा येतात, सेवा किती महत्त्वाची, आणि खर्च किती झेपतो. त्यांच्या बोलीत ज्यांना ‘जीवनावश्यक’ कागद म्हणता येईल त्यांची यादीही तिच्यात होती. संमतीपत्र, तक्रार अर्ज, पात्रतेचे निकष, लाभ नाकारल्याची किंवा घटवल्याची नोटीस, सुनावणीची नोटीस आणि ‘तुम्हाला मोफत भाषासाहाय्य मिळू शकते’ असे सांगणारी सूचना, हे सारे त्या यादीत होते. सेवा घेणाऱ्यांत एखादा भाषागट ५ टक्के किंवा १,००० माणसे, यांतला जो आकडा लहान असेल तेवढा असला, तर हे कागद त्या भाषेत लेखी द्यावेत. ५ टक्के भरूनही माणसे पन्नासच्या आत असतील तर तोंडी दुभाषा मिळेल अशी सूचना पुरे. या मार्गदर्शक सूचना मागे घ्यायला नव्या आदेशाने न्याय खात्याला सांगितले आहे, पण पद्धत म्हणून ती शहाणपणाची होती. स्वागताचे फलक, योजनांची रंगीत पत्रके, मंत्र्यांची भाषणे हे तिच्या यादीत नाही. आपल्याकडे नेमके हेच आधी भाषांतरित होते.

आपल्या कायद्यांतही गरजेप्रमाणे भाषा द्यायची ही दृष्टी जुनी आहे. कोणी ती एकत्र मांडत नाही इतकेच. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम १९ सांगते की, जिल्ह्यात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेतला दस्त आणला तर सोबत खरे भाषांतर आणि खरी नक्कल जोडावी. म्हणजे दस्त परत पाठवायचा नाही, भाषांतर मागायचे. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ ने कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितले होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत ही पाटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ते आठवेल. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना दोन दैनिकांत, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले, आणि शिवाय ग्रामपंचायत वा पालिकेत स्थानिक भाषेत लावायची आहे. नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्त गावठाणांना हे वेगळे सांगायला नको. आणि पातूर (जि. अकोला) नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू असावी का, या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी सांगितले की, २०२२ चा अधिनियम मराठी आवश्यक करतो, पण सोबत आणखी एक भाषा वापरायला मनाई करत नाही. ‘फक्त मराठी’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘मराठी नको’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा निकाल मुळातून वाचावा.

आता आकड्यांकडे. निवडणूक आयोगाचा दंडक असा की, विधानसभा मतदारसंघात एखादा अल्पसंख्य भाषागट २० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मतदार यादी त्या भाषेतही छापायची. अमेरिकेत ५ टक्के किंवा १०,०००. ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये १८.४१ लाख होती. ढोबळ हिशोब केला तर २० टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ६८ हजार, ५ टक्के म्हणजे ९२ हजार, आणि १०,००० म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. नुसता अमेरिकी आकडा उचलून इथे लावला तर डझनभर भाषा पात्र ठरतील आणि पालिकेचा छापखाना कोलमडेल. पण अमेरिकी आकडा भाषकांचा नाही, अधिकृत भाषा पुरेशी न येणाऱ्यांचा आहे. त्यांच्या सर्वेक्षणात घरी दुसरी भाषा बोलणाऱ्याला विचारतात की, इंग्रजी किती चांगली बोलता: फार चांगली, चांगली, फारशी नाही, की मुळीच नाही? ‘फार चांगली’ सोडून बाकी सारे मोजणीत धरले जातात. ठाण्यातल्या गुजराती किंवा कानडी घरांतल्या कित्येकांना आपल्यापेक्षा स्वच्छ मराठी येते. त्यांच्यासाठी मालमत्ता कराचे बिल गुजरातीत किंवा कानडीत छापणे हा खर्चच आहे. आणि सहा महिन्यांपूर्वी ओडिशातून तुर्भ्याला आलेल्या गवंड्याला हिंदीही अर्धवट समजते, त्याला रुग्णालयात ओडिया बोलणारा कोणी हवा. मातृभाषेच्या टक्केवारीत पहिले घर ठळक दिसते, दुसरा माणूस दिसतच नाही.

दुभाषाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि त्याचा कागद राहत नाही. पोलीस ठाण्यात, बाह्यरुग्ण विभागात किंवा तहसील कार्यालयात भाषा अडली की हाताशी असेल त्याला बोलावतात: सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय, शेजारचा अर्जदार, नाहीतर रुग्णाचे दहा-बारा वर्षांचे मूल, जे शाळेत मराठी शिकलेले असते. मूल आईच्या गर्भाशयाच्या तक्रारीचे भाषांतर करत नाही, टाळते. नवरा बायकोच्या जखमेचे कारण बदलतो. सुरक्षारक्षक पाच वाक्यांचे एक करतो, आणि गाळतो ती नेमकी संख्या असते. अमेरिकेत आरोग्यसेवेच्या २०२४ च्या नियमांनी अल्पवयीन मुलाला दुभाषा म्हणून वापरायला तातडीचा प्रसंग वगळता मनाई केली, ती याच अनुभवातून.

काम नीट व्हायचे तर पद्धत ठरलेली आहे. अधिकाऱ्याने किंवा डॉक्टरने रुग्णाकडे पाहून बोलावे, ‘तिला विचारा’ असे दुभाषाला म्हणू नये. एका वेळी दोन-तीन वाक्ये. दुभाष्याने प्रथमपुरुषी बोलावे: ‘माझ्या पोटात दुखते’, ‘ती म्हणते तिच्या पोटात दुखते’ असे नको; दुसऱ्या पद्धतीत बोलणारा कोण ते दोन मिनिटांत गोंधळते. तारखा, मात्रा, रकमा, नावे लिहून घ्यावीत, त्यांत स्मरणशक्तीवर विसंबू नये. दुभाष्याने स्वतःचा सल्ला घालू नये आणि एका बाजूशी वेगळे बोलणे करू नये. करावेच लागले तर दुसऱ्या बाजूला ते काय होते ते सांगावे. शेवटी रुग्णाकडून वदवून घ्यावे: गोळी कधी, किती, जेवणाआधी की नंतर. ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळ्या भाषांत उत्तर ‘हो’ असते.

दूरध्वनीवरून दुभाषा घेता येतो आणि ओडिया-संथाळीसारख्या भाषांसाठी तोच व्यवहार्य मार्ग आहे. मात्र स्पीकरवर लावून भर रांगेत बोलणे म्हणजे माणसाचा आजार किंवा तक्रार जाहीर करणे. त्यासाठी दोन रिसीव्हरचे यंत्र मिळते, ते बसवावे. वेळेचाही हिशोब आधीच करावा. एकामागून एक बोलण्याच्या दुभाषेपणात वेळ साधारण दुप्पट लागतो. माणशी पाच मिनिटांची खिडकी असेल तर अशा माणसाला दहा लागणार. हे वेळापत्रकात न धरल्यामुळेच खिडकीवरचा कर्मचारी वैतागतो आणि भांडण भाषेचे आहे असे सगळ्यांना वाटते.

पोलिसांत दिलेल्या तोंडी फिर्यादीबाबत कायदा स्पष्ट आहे: ती लिहून घ्यावी, फिर्याद देणाऱ्याला वाचून दाखवावी, सही घ्यावी, प्रत मोफत द्यावी. ठाणे-नवी मुंबईत ती मराठीत लिहिली जाणार हे योग्यच. पण मराठी न येणाऱ्याला ती मराठीतच वाचून दाखवली तर ‘वाचून दाखवली, बरोबर आहे’ या ओळीला अर्थ उरत नाही, आणि उलटतपासणीत बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. कोणी, कोणत्या भाषेत समजावून सांगितली, ही एक ओळ खाली लिहिली तर पुढची दोन वर्षे वाचतात. उलट दिशेनेही हेच. जिल्हा न्यायालयातली मराठी कागदपत्रे उच्च न्यायालयात जाताना इंग्रजीत करावी लागतात. घाईघाईने केलेल्या त्या भाषांतरात ‘चुलत सासरे’ आणि ‘मावस दीर’ यांचे काय होते ते वारस हक्काचे दावे चालवणाऱ्यांना विचारा.

नावांचा घोळ तर दोन्ही देशांत सारखाच आहे. स्पॅनिश भाषकांना दोन आडनावे असतात, वडिलांकडचे आणि आईकडचे. तिकडचे अर्ज एकच आडनाव घेतात, दुसरे कापले जाते किंवा मधले नाव बनते, आणि त्याच माणसाच्या दोन नोंदी होतात. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव अशी तीन अंगे; संगणकाला ‘पहिले’ आणि ‘शेवटचे’ एवढेच कळते. वर देवनागरी आणि रोमन लिपीची ये-जा. सातबारा मराठीत, आधार दोन लिप्यांत, पॅन इंग्रजीत. रोमनमधून यंत्राने परत देवनागरी केली की ‘साठे’चे ‘साथे’ होते आणि ‘काळे’चे ‘काले’. उपाय खर्चिक नाही: दोन्ही लिप्यांतले नाव अर्जदाराकडूनच लिहून घ्यावे, यंत्राने सुचवावे पण त्याच्या संमतीशिवाय भरू नये.

मराठी लघुसंदेश का येत नाहीत, याचे एक कारण फार कोणी सांगत नाही. रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत फक्त ७०. संदेश लांबला तर प्रत्येक तुकड्यात अनुक्रमे १५३ आणि ६७. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळे चिन्ह धरले जाते. ‘पाणीपुरवठा’ दिसायला सहा अक्षरे, मोजणीत दहा. कार्यालयीन मराठी त्यात मावत नाही, तीन संदेशांचे पैसे पडतात, आणि कंत्राटदार इंग्रजीकडे वळतो. पण ‘तुमचा अर्ज नामंजूर. कारण: उत्पन्नाचा दाखला जुना. ३० दिवसांत अपील करा.’ हा संदेश मोजून पाहा, ६९ चिन्हे भरतात. अर्ज क्रमांक घालायचा तर दोन संदेश लागतील, तीन नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली पहिल्या अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे, आणि ती कोणत्या भाषेत कळली यावर माणसाचा हक्क राहतो की जातो हे ठरते. संदेशांचे नमुने दूरसंचार नियमांप्रमाणे आधी नोंदवावे लागतात. तेव्हाच मराठी नमुना युनिकोड (देवनागरी चालणारी संगणकीय संकेतपद्धत) म्हणून नोंदवला नाही, तर नंतर कितीही वाटले तरी तो पाठवता येत नाही.

इथे भाषांतराआधीचा प्रश्न येतो: मूळ मराठीच कळत नाही. ‘विहित मुदतीत त्रुटींची पूर्तता न केल्यास सदर प्रकरणी पुढील कार्यवाही करण्यात येणार नाही याची नोंद घ्यावी’ हे वाक्य ठाण्यातल्या मराठी माणसालाही दोनदा वाचावे लागते आणि यंत्र-भाषांतराला तर झेपतच नाही. ‘राहिलेली कागदपत्रे १५ दिवसांत आणून द्या. न दिल्यास अर्ज बंद होईल.’ हे मराठीतही सोपे आणि कुठल्याही भाषेत न्यायलाही सोपे. भाषा संचालनालयाचे पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश पारिभाषिक संज्ञांना हवेतच, त्यावाचून एकाच दाखल्याला तीन कार्यालये तीन नावे देतात. नागरिकाला जाणाऱ्या पत्राची वाक्यरचना मात्र कोशातून येत नाही.

यंत्र-भाषांतर वापरू नका असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही पहिल्या खर्ड्याला वापरतो. पण ते नकार गाळते, आकडा हलवते आणि चूक असूनही वाक्य गुळगुळीत देते, म्हणून वाचणाऱ्याला शंका येत नाही. वर उल्लेखलेल्या २०२४ च्या अमेरिकी नियमांत, मजकूर महत्त्वाचा असेल तर यंत्राचे भाषांतर पात्र माणसाने तपासलेच पाहिजे असे होते. माणसाचा वेगही माहीत असू द्या: चांगला भाषांतरकार दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्द करतो, दुसऱ्याने तपासायला आणखी अर्धा दिवस. प्रभाग कार्यालयाचे दहा महत्त्वाचे कागद एका भाषेत न्यायला आठवडाभर पुरतो. खरा खर्च पुढे आहे. मूळ अर्ज बदलतो, भाषांतर जुनेच राहते, आणि लोक वर्षभर रद्द झालेली कागदपत्रे जोडत बसतात. म्हणून प्रत्येक प्रतीच्या तळाशी आवृत्तीची तारीख हवी आणि मूळ बदलले की भाषांतर आपोआप मागे घेतले जावे. जुनी प्रत समोर ठेवण्यापेक्षा प्रत नसलेली बरी. फाँटचेही तेच: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली पीडीएफ पडद्यावर मराठी दिसते, पण शोधता येत नाही, चिकटवली की कचरा होतो आणि अंधांचे वाचनयंत्र ती वाचू शकत नाही. असा कागद मराठीत आहे असे म्हणणेच फसवे आहे.

‘सोय दिली की लोक मराठी शिकणार नाहीत’ हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. अमेरिकेत नागरिकत्वासाठी इंग्रजीची परीक्षा आहेच. फक्त ५० वर्षांवरील आणि वीस वर्षे कायम रहिवासी असलेल्यांना, तसेच ५५ वर्षांवरील आणि पंधरा वर्षे राहिलेल्यांना, नागरिकशास्त्राची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. शिकणे आणि सेवा या दोन गोष्टी त्यांनी अशा वेगळ्या ठेवल्या. मराठीची सक्ती कर्मचाऱ्यावर असावी, रिक्षा-परवान्यापासून शाळेपर्यंत जिथे माणूस वर्षानुवर्षे राहून व्यवसाय करणार तिथे असावी. ताप आलेल्या मुलाला घेऊन आलेल्या बाईवर नसावी. ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने कार्यालयांत मराठी बोलण्याचे बंधन घालतानाही परदेशातून आलेल्या आणि परराज्यातल्या मराठी न येणाऱ्या व्यक्तींना वगळले होते, ते समंजसच होते. दुभाषिक अर्ज छापायचाच तर मराठी डावीकडे, मोठ्या अक्षरांत, आणि दुसरी भाषा तिच्या शेजारी ओळीला ओळ लावून द्यावी. भरायचा मजकूर शक्यतो मराठीतच, कारण तपासणारा मराठीच वाचणार. नुसत्या दुसऱ्या भाषेतला वेगळा अर्ज आम्ही सुचवणार नाही; तो कपाटात हरवतो आणि कर्मचाऱ्याला त्यातला रकाना क्रमांक सात कोणता तेही कळत नाही.

दोन्ही महापालिकांकडे मागणी करायची तर आमची एवढीच आहे. ठाण्यातल्या प्रत्येक प्रभाग समितीने आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक विभाग कार्यालयाने एक महिना खिडकीवर खूण करावी: भाषा अडली का, कोणती भाषा, कोणत्या कामासाठी, कोणी मदत केली. चार रकाने. रुग्णालयांनी केसपेपरवरच ‘बोलण्याची भाषा’ हा रकाना घालावा. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारल्या होत्या. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्या उत्तरांतून ज्यांनी मराठी मुळीच सांगितली नाही अशांचे आकडे प्रभागनिहाय मिळावेत, असे पत्र दोन्ही आयुक्तांनी जनगणना संचालनालयाला आताच पाठवावे. तक्ते कसे काढायचे ते एकदा ठरून गेले की मग मागून उपयोग नसतो.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही भाषांतरकार आणि दुभाषे